अकरा दिवस, दोन माणसं, २,००० डॉलर: पश्चिम कॅनडातल्या एका उन्हाळी प्रवासाचा हिशेब

आठ रात्री तंबूत काढल्या, त्यांचे मिळून २१४ डॉलर झाले. मोटेलमध्ये एकच रात्र काढली, तिचे २४३. जुलै २०२५ मधल्या आमच्या प्रवासाची वही उघडली की आधी हेच दोन आकडे डोळ्यांत भरतात, आणि हे सगळं सविस्तर लिहायला बसले तेही त्यांच्यामुळेच. पश्चिम कॅनडा उन्हाळ्यात महाग असतो हे खरंच आहे. पण पैसा कुठे गेला आणि कुठे वाचला हे ओळीने मांडल्यावर दिसलं, की रोजच्या चिकाटीच्या काटकसरीने फारसा फरक पडला नव्हता. तारखा, वेळा आणि एका दुपारची घाई यांनीच हिशेब ठरवला होता.

आम्ही दोघं पुण्याचे, चाळिशीतले, दोघंही नोकरी करणारे. माझा मावसभाऊ बर्नबीत राहतो, व्हँकूवरला लागूनच. पहिले तीन दिवस त्याच्याकडे आणि पुढचे अकरा दिवस, दहा रात्री, रस्त्यावर असं ठरलं. विमानाची तिकिटं आणि व्हिसा (माणशी १०० डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे) हा खर्च बाजूला ठेवला, कारण त्यात कमी करण्यासारखं काही नव्हतं. रस्त्यावरच्या अकरा दिवसांना मात्र २,००० कॅनेडियन डॉलरची मर्यादा घातली. तेव्हा तिथला डॉलर साधारण ६३ रुपयांना पडत होता, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. तंबू, स्लीपिंग बॅगा, शेगडी आणि कूलबॉक्स भावाने दिलं. हे सामान विकत घ्यावं लागलं असतं तर गणित इथेच कोलमडलं असतं.

बस की गाडी

नवऱ्याच्या मनात आधी बस होती. कॉलेजात असताना त्याने वाचलेल्या प्रवासवर्णनांत सगळे ग्रेहाउंडच्या बसने गावोगाव फिरायचे. पण ग्रेहाउंडने पश्चिम कॅनडातल्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या ३१ ऑक्टोबर २०१८ ला बंद केल्या, आणि लहान गावांना जोडणारं तसं जाळं पुन्हा उभं राहिलं नाही. व्हिया रेलची व्हँकूवर ते टोरांटो गाडी आम्हाला जायचं होतं त्या जॅस्परला, रॉकीज पर्वतातल्या गावाला, थांबते, पण आठवड्यातून दोनदाच. आणि जॅस्परला उतरल्यावर कॅम्पग्राउंडपर्यंत, धबधब्यापर्यंत जायचं कसं? कॅम्परव्हॅनचं भाडं विचारलं आणि तो विषय तिथेच सोडला.

राहिली भाड्याची छोटी गाडी. अकरा दिवसांचे विमा आणि कर धरून ९३५ डॉलर, म्हणजे अख्ख्या मर्यादेतला निम्म्याच्या जवळ जाणारा भाग. तो कमी होत नव्हता, वाढू द्यायचा नाही एवढंच हातात होतं. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, गाडी जिथून घेतली तिथेच परत द्यायची, कारण दुसऱ्या शहरात सोडली की त्याचा वेगळा आकार लागतो. म्हणून व्हँकूवर, वेल्स ग्रे, जॅस्पर, लेक लुईस, रेव्हलस्टोक, ओकानागन, व्हँकूवर असा गोल रस्ता आखला. दुसरं, कराराचा कागद पूर्ण वाचला. आम्ही चौकशी केली त्यातल्या एका ठिकाणी 'अमर्याद किलोमीटर' फक्त ब्रिटिश कोलंबिया या, व्हँकूवरच्या, प्रांतापुरते होते. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात शिरलं की दर किलोमीटरला पैसे. जॅस्पर आणि लेक लुईस दोन्ही अल्बर्टात आहेत. त्या कंपनीकडून आम्ही गाडी घेतली नाही. आंतरराष्ट्रीय परवाना पुण्यातल्या आरटीओतून १,००० रुपयांत काढून नेला होता.

झोपायचं कुठे

या प्रवासाचा खरा निकाल मार्चमध्येच लागायला सुरुवात झाली होती. ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक उद्यानांतल्या तंबूच्या जागा त्या वर्षी चार महिने आधी खुल्या होत होत्या, तिथल्या सकाळी ७ वाजता. तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. आम्ही दोघं ऑफिसातून येऊन दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलो आणि वेल्स ग्रेच्या दोन रात्री मिळवल्या, रात्रीचे २३ डॉलर. शनिवार-रविवार होता. त्या वारी आयत्या वेळी जाऊन काहीही मिळालं नसतं.

राष्ट्रीय उद्यानांची बुकिंगं याच्याही आधी, हिवाळ्यातच उघडतात. ती आमच्या हातून निसटली होती. पण रद्द झालेल्या जागा रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहिल्यामुळे मे महिन्यात जॅस्परची एक रात्र मिळाली.

मग जूनमध्ये एक अनपेक्षित लाभ झाला. कॅनडा सरकारने 'कॅनडा स्ट्राँग पास' नावाची सवलत आणली. २० जून ते २ सप्टेंबर २०२५ राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मोफत आणि तिथल्या कॅम्पिंगवर २५ टक्के सूट. नाव 'पास' असलं तरी कार्ड काढावं लागत नव्हतं, नोंदणीही नव्हती. एरवी बॅन्फ-जॅस्परला माणशी रोजचे अकरा-बारा डॉलर जातात. नवरा खूश झाला. मला मात्र गर्दीची काळजी वाटली, कारण प्रवेश मोफत झाला म्हणून तंबूच्या जागा काही वाढणार नव्हत्या.

टाकाकाव धबधब्याजवळच्या रात्रींचं तर बुकिंग होणारच नव्हतं. योहो राष्ट्रीय उद्यानातलं हे कॅम्पग्राउंड, जो आधी पोचेल त्याची जागा. अशा ठिकाणी आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लोक जागा सोडतात त्याच सुमाराला पोचायचं, हा भावाचा सल्ला. सगळा प्रवास आम्ही या एका गुरुवारच्या सकाळभोवती बेतला. या आखणीतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता असं मी आजही म्हणेन.

एक तासाची चूक

वेल्स ग्रेचे दोन दिवस सुखाचे गेले. हेल्मकेन धबधबा १४१ मीटर खाली कोसळतो आणि तो बघायला एक पैसा पडत नाही. सोमवारी व्हेलमाउंटला मुक्काम केला. तिथून माउंट रॉबसनचं शिखर ढगाबाहेर येईल म्हणून पुढे पार्कपर्यंत जाऊन दोन तास थांबलो. ३,९५४ मीटरचं ते शिखर, कॅनेडियन रॉकीजमधलं सर्वांत उंच. शेवटी दहा मिनिटं दिसलं.

मंगळवारी सकाळी मात्र चूक झाली. लेक लुईसजवळच्या मोरेन लेक या तळ्याच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाच्या शटल बसने जायचं, माणशी ८ डॉलर आणि बुकिंगचे ३. बऱ्याचशा जागा दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता खुल्या होतात. आम्हाला गुरुवार दुपारची हवी होती. व्हेलमाउंटला आठच्या ठोक्याला फोन उघडला तर गुरुवारच्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या. मला काही कळेना. मग नवरा म्हणाला, "अगं, ते आठ तिकडचे." व्हेलमाउंट पॅसिफिक वेळेवर चालतं, लेक लुईस माउंटन वेळेवर, एक तास पुढे. आमचे आठ म्हणजे त्यांचे नऊ. अख्खा तास हातून गेला होता.

बुधवारी जॅस्परला होतो. जॅस्पर माउंटन वेळेवर. आठ वाजून एक मिनिटाला शुक्रवारची दोन तिकिटं मिळाली. नुकसान काही झालं नाही, पण ज्यांचे दिवस मोजके असतात त्यांनी हे लिहून ठेवावं. लेक लुईसला स्वतःची गाडी नेली असती तर तळ्याकाठच्या पार्किंगचेच दिवसाला चाळीसहून जास्त डॉलर गेले असते. शटलच्या तिकिटात दोन्ही तळी होतात.

जॅस्परबद्दल थोडं लिहायलाच हवं. जुलै २०२४ च्या वणव्यात या गावातल्या साधारण एक तृतीयांश इमारती जळाल्या. आम्ही गेलो तेव्हा वर्ष होत आलं होतं. रिकामे चौथरे, कुंपणं आणि मधेच शाबूत उभं राहिलेलं एखादं घर. गावाबाहेर काळ्या खोडांच्या रांगा, आणि त्यांच्या पायथ्याशी फायरवीडची गुलाबी-जांभळी फुलं. आम्ही वाणसामान तिथल्याच दुकानातून घेतलं. पुढे किंवा मागे ते थोडं स्वस्त मिळालं असतं. हा खर्च मुद्दाम केला आणि तो हिशेबात चुकीचा धरायला मी तयार नाही.

हिमनदीशी

जॅस्पर ते लेक लुईस हा आइसफील्ड्स पार्कवे सुमारे २३० किलोमीटर. मधे पेट्रोल एकाच ठिकाणी, सास्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगला, आणि फोनची रेंज जवळपास नाही. म्हणून जॅस्परलाच टाकी भरली आणि नकाशे फोनमध्ये उतरवून घेतले.

अथाबास्का हिमनदीवर मोठ्या चाकांच्या गाडीतून नेणारी सफर आहे, माणशी शंभर डॉलरच्या वर. यावरून आमच्यात खरा वाद झाला. "इतक्या लांब पुन्हा कधी येणार आहोत?" असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, दोनशे डॉलर म्हणजे आपल्या तंबूच्या सगळ्या रात्री. शेवटी आधी पायवाटेने हिमनदीच्या टोकापर्यंत चालत जाऊ आणि मग ठरवू, असं झालं. वाट मोफत आहे. वाटेवर ठिकठिकाणी सालं लिहिलेले फलक आहेत, त्या त्या वर्षी बर्फाचं टोक कुठे होतं ते सांगणारे. १९९२ च्या फलकाशी मी थांबले. तेव्हा मी चौथीत होते. समोर नुसता खरवडलेला दगड आणि गोटे, आणि बर्फ पुढे कितीतरी चढ चढून गेल्यावर. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. हे आधी वाचलेलं होतं. पण आपल्या शाळेच्या वर्षापासून बर्फापर्यंतचं अंतर पायांनी चालल्यावर ते अंगावर आलं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. सफरीचा विषय मग मीही काढला नाही. (वाटेच्या शेवटी दोर लावलेला आहे. तो ओलांडून बर्फावर जाऊ नये. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि त्यांत पडून माणसं दगावली आहेत.)

ती रात्र मॉस्किटो क्रीकच्या एचआय (हॉस्टेलिंग इंटरनॅशनल) हॉस्टेलमध्ये काढली, दोघांचे ९६ डॉलर. खोलीत दिवा नाही, नळ नाही. स्वयंपाकघरात गॅस, आणि मोठ्या टेबलाभोवती सगळे अनोळखी लोक आपापलं शिजवतायत. तंबूपेक्षा महाग, पण पार्कवेवर त्या रात्री भिंती आणि छप्पर मिळालं हे बरं झालं. बाहेर पारा चांगलाच उतरला होता.

टाकाकाव आणि फोडणी

गुरुवारी साडेदहाला टाकाकावला पोचलो. शेवटचा तेरा किलोमीटरचा रस्ता डोंगरात घुसतो आणि त्याची दोन वळणं इतकी आवळलेली, की लांब बसगाड्यांना एक टप्पा चक्क मागे-मागे जावं लागतं. जागा होत्या. गाडी वाहनतळावर ठेवायची आणि तिथल्या हातगाडीवर सामान लादून आत ढकलत न्यायचं. सूट धरून रात्रीचे १७ डॉलर. धबधबा एकूण ३७३ मीटरचा, डेली हिमनदीतून येणारा, आणि तो तंबूतून दिसतो. दिवसभर बर्फ वितळत गेलं की संध्याकाळी पाणी वाढतं आणि आवाजही. 'टाकाकाव' या क्री भाषेतल्या शब्दाचा अर्थ 'अद्भुत' असा सांगतात. या प्रवासात मला एकच जागा पुन्हा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

जेवणाचा सगळा खर्च ३५२ डॉलर झाला, दोघांचा, अकरा दिवसांचा. तो इतका कमी राहिला त्याचं श्रेय पुण्याहून नेलेल्या तीन लिटरच्या कुकरला. तांदूळ, मुगाची डाळ, कांदे-बटाटे बर्नबीतून घेतले. भाजणी, मेतकूट आणि काळा मसाला घरून नेला होता. विमानतळावर सगळं जाहीर केलं आणि काही अडचण आली नाही. कुकरमुळे खिचडी पंधरा मिनिटांत होते, आणि शेगडीचा एक छोटा गॅस सिलिंडर आम्हाला पाच दिवस पुरला. उघड्या पातेल्यात, त्या थंडीत आणि त्या उंचीवर डाळ शिजवत बसलो असतो तर दोन दिवसही पुरला नसता.

पण हा अस्वलांचा मुलूख आहे, आणि आपल्या स्वयंपाकाला वास असतो. पहिल्याच दिवशी हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि नवऱ्याने आजूबाजूच्या झाडांकडे बघितलं. मग नियम ठरवला. फोडणी आणि भाजणं दुपारी, रात्री नुसता वरणभात किंवा दही-पोहे. स्वयंपाक तंबूपासून लांब. स्वयंपाकाच्या वेळचे कपडे झोपताना अंगावर नाहीत. जेवण झालं की भांडी, शेगडी, कूलबॉक्स, अगदी टूथपेस्टसुद्धा धातूच्या कपाटात बंद. जिथे कपाट नव्हतं तिथे गाडीत. बाहेर विसरलेल्या एका पातेल्यामुळे अस्वलाला माणसाच्या अन्नाची सवय लागते आणि शेवटी ते अस्वल मारलं जातं. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा फवारा, विमानातून नेता येत नाही, तो तिथेच घ्यावा लागला. तो आणि गॅसचे सिलिंडर मिळून ७१ डॉलर.

शुक्रवारी शटलने मोरेन लेकला गेलो. १९६९ आणि १९७९ च्या मालिकेतल्या वीस डॉलरच्या नोटेमागे याच तळ्याचं चित्र होतं. काठावरच्या दगडांच्या ढिगावर चढलं की ते समोर येतं. हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड त्यावरून विखुरतो, त्याने हा निळा रंग येतो. होडीचं भाडं तासाला शंभराच्या वर होतं. आम्ही दगडावर बसून थालीपीठ खाल्लं.

शनिवारची दुपार

शुक्रवारी रात्री पाऊस लागला तो थांबेचना. पहाटे तंबूच्या एका शिवणीतून पाणी आत आलं आणि माझी स्लीपिंग बॅग पायाकडून छातीपर्यंत भिजली. पिसांची बॅग ओली झाली की तिच्यात ऊब राहत नाही. मला दोन दिवस खोकला होताच. तिसरी रात्र इथेच काढायचं ठरलेलं होतं. नवरा म्हणाला, "दुपारपर्यंत बघू." मी म्हणाले, "अरे, मला कुडकुडायला होतंय, निघू या." निघालो. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. आजारी पडलो असतो तर त्या देशातला दवाखाना आणखी महागात गेला असता.

चूक त्यानंतर झाली. गोल्डन या गावी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. जुलैतला शनिवार, पाऊस, म्हणजे आमच्यासारखे भिजलेले सगळेच खाली आलेले. दोन ठिकाणी जागा नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी एक खोली होती, कर धरून २४३ डॉलर. मागे आणखी एक जोडपं उभं होतं. आम्ही कार्ड पुढे केलं.

संध्याकाळी स्लीपिंग बॅगा घेऊन लाँड्रोमॅटला गेलो. ड्रायरच्या गोल काचेतून ती निळी बॅग गरगर फिरताना बघत बाकावर बसलो होतो. पन्नास मिनिटं आणि ९ डॉलरची नाणी. बॅग कोरडी, फुगलेली, गरम. बाहेर पाऊस थांबला होता. तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं, की आधी इथे आलो असतो, आधी बॅग वाळवली असती, तर खोलीची गरज आहे की नाही हे कोरड्या अंगाने ठरवता आलं असतं. रेव्हलस्टोक दीडशे किलोमीटरवर होतं आणि जुलैत तिथे उजेड रात्री नऊनंतरही असतो.

आधीच्या तीन दिवसांत आम्ही वाटेतली पाच-पाच डॉलरची कॉफी सोडली होती. रोज दोन कप, म्हणजे वाचले तीस डॉलर. ती कॉफी नवऱ्याला मनापासून हवी असायची.

वही

रविवारी रेव्हलस्टोकजवळ तंबू, ३० डॉलर. सोमवारी ओकानागनमध्ये, ४०. तिथे चेरी ऐन भरात होत्या. रस्त्याकडेच्या बागेतून मोठी पिशवी घेतली, संध्याकाळी तळ्यात पाय सोडून तीच जेवलो. मंगळवारी व्हँकूवर.

एकूण सांगायचं तर गाडी ९३५, पेट्रोल २६८, तंबूच्या आठ रात्री २१४, हॉस्टेल ९६, मोटेल २४३, जेवण ३५२, स्प्रे आणि गॅस ७१, शटल १९, ड्रायर आणि गरम पाण्याच्या आंघोळीची नाणी १४. बेरीज २,२१२. मर्यादेच्या २१२ वर. मोटेल वगळलं तर १,९६९. गाडीला दिवसाला ८५ पडले, बाकी सगळं मिळून दोघांना दिवसाला ११६. पेट्रोल अल्बर्टात स्वस्त आहे म्हणून तिथे दोनदा भरलं, त्यातून वाचले असतील दहा-बारा डॉलर.

पुढच्या वेळच्या पानावर आम्ही आत्ताच काही लिहून ठेवलंय. एक रात्र छपराखालची, आधीच धरलेली, प्रवासाच्या मधोमध आणि आठवड्याच्या मधल्या वारी. रोज एक कॉफी. तिथल्या वेळेचं घड्याळ फोनच्या पहिल्या पडद्यावर. वणव्याच्या धुरामुळे रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, हे निघण्याआधी ठरवलेलं. त्या वेळी आम्हाला धूर लागला नाही, पण तो लागणार नाही असं धरून तिथे उन्हाळ्यात जाता येत नाही.

तंबू भावाला परत द्यायच्या आधी त्याच्याच अंगणात उभा केला. शिवणीवर लावायचं द्रव्य दुकानातून आणलं, नवऱ्याने आत बसून बॅटरी धरली, मी बाहेरून ब्रशने एकेक शिवण भरत गेले. रात्रभर वाळू दिला. सकाळी वहिनीने बादली आणून दिली, आम्ही वरून पाणी ओतलं आणि आत जाऊन तळहात फिरवून बघितला. कोरडा होता. मग घडी घातली.